बायोस अपडेटनंतर विंडोज सुरू होत नाही? फॉरमॅट मारण्याआधी या क्रमाने दुरुस्ती करा

बायोस अपडेट झालं, मशीन रीस्टार्ट झालं आणि पडद्यावर ओळ आली: अमुक फाइल सापडत नाही, बूट डिव्हाइस नाही, दुरुस्ती आवश्यक आहे. अशा वेळी कुणी व्हिडिओत पाहिलेल्या चार आज्ञा एकामागोमाग एक मारतं. कुणी मशीन दुकानात नेतं आणि तिथे 'नवीन विंडोज टाकून देतो' हे ठरलेलं उत्तर ऐकतं. माझ्या मामेभावाच्या लॅपटॉपचं असंच झालं. तीन वर्षांचं काम फॉरमॅटमध्ये गेलं. बिघाड मात्र बायोसमधल्या एका सेटिंगचा होता. ते पूर्वीसारखं केल्यावर जुनं विंडोज आहे तसं चालू झालं असतं.

बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम, मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये असतो. अपडेट ती चिप नव्याने लिहितं. सी ड्राइव्हवरच्या विंडोजच्या फाइल्सना ते हात लावत नाही. त्यामुळे 'फाइल हरवली' असा संदेश आला तरी बहुतेक वेळा फाइल जागेवरच असते, मशीनला ती दिसत नसते. फाइल्स खरोखर बिघडतात त्या पुढच्या गोंधळात: पॉवर बटण दाबून पाच-सहा वेळा मशीन बंद केल्याने, त्याच रीस्टार्टमध्ये अर्धवट राहिलेल्या विंडोज अपडेटने, किंवा चुकीच्या क्रमाने मारलेल्या आज्ञांनी. म्हणून खालच्या पायऱ्या वरून खाली, एकही न गाळता करा. ज्या पायरीवर विंडोज सुरू होईल तिथून थेट नवव्या पायरीवर जा.

हे सगळं विंडोज १० आणि ११ साठी आहे.

आज्ञा कशा वाचायच्या: आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, फोनवर सांगतो तशा. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाका. मधली मोकळी जागा, तिरप्या रेघा, दोन बिंदू, बरोबरची खूण हे सगळं जसंच्या तसं ठेवा. स्पेलिंग चुकलं तर मशीन फक्त 'ही आज्ञा ओळखता येत नाही' असं सांगतं, नुकसान होत नाही. दोन शब्द मात्र कुठेही टाइप करायचे नाहीत: क्लीन आणि फॉरमॅट. या लेखातल्या कुठल्याच पायरीला त्यांची गरज नाही. (पुढे येणारा 'क्लीनअप-इमेज' हा वेगळा शब्द आहे, तो चालतो.)

## पायरी १: मशीन खरंच अडकलंय का, ते पाहा

बायोस अपडेटनंतरचा पहिला स्टार्ट हळू असतो. डीडीआर५ मेमरीच्या मशीनमध्ये तर मेमरीची जुळणी नव्याने होते आणि पडदा काही मिनिटं पूर्ण काळा राहू शकतो. पंखा फिरतोय, दिवा लागलाय, पण चित्र नाही, अशा स्थितीत निदान पंधरा मिनिटं हात लावू नका. चार्जर लावलेला ठेवा. डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर असू द्या. या घडीला वीज गेली तर बायोसच अर्धवट राहू शकतो आणि मग हा लेख उपयोगाचा नाही.

चित्र आलं की संदेशाचा मोबाइलवर फोटो काढा. कोडसकट. दोष कुठल्या पायरीवर सुटण्याची शक्यता जास्त, ते त्या ओळीवरून कळतं; मधल्या पायऱ्या मात्र गाळू नका.

- 'नो बूटेबल डिव्हाइस' किंवा मशीन थेट बायोसमध्येच उघडतं: डिस्क दिसत नाही, किंवा बूटची (विंडोज कुठून सुरू करायचं याची) नोंद गेली आहे. पायरी ३.
- निळा पडदा, 'इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस': डिस्क कंट्रोलरची (मशीन डिस्कशी ज्यातून बोलतं त्या भागाची) पद्धत बदलली आहे. पायरी ३, आणि जवळजवळ नक्की तिथेच सुटेल.
- निळा पडदा, रिकव्हरी की मागतो: बिटलॉकर, म्हणजे विंडोजने डिस्कला लावलेलं कुलूप. काहीही बिघडलेलं नाही. पायरी ४.
- ०एक्ससी००००००एफ, ०एक्ससी०००००३४ किंवा ०एक्ससी०००००९८ हे कोड: बूटची माहिती ठेवणारी बीसीडी फाइल सापडत नाही किंवा तिच्यात गडबड आहे. तरीही आधी पायरी ३, मग ७.
- विंडोज सुरू होतं, पण प्रोग्रॅम फाइल नसल्याची तक्रार करतात: थेट पायरी ९.

एएमडी प्रोसेसरच्या काही मशीनवर आणखी एक प्रश्न येतो: एफटीपीएमची (प्रोसेसरमधल्या, डिस्कच्या कुलपाच्या कीज जपणाऱ्या टीपीएमची) रचना बदलली आहे, वाय दाबून रीसेट करायचं की एन दाबून तसंच ठेवायचं? बिटलॉकरची की हातात नसेल तर एन दाबा. वाय दाबलं, तर डिस्क रिकव्हरी कीशिवाय उघडणार नाही. घाईत वाय दाबून बसलेली माणसं मला वारंवार भेटतात. तिथे इंग्रजीत नीट इशारा लिहिलेला असतो, पण तो कुणी वाचत नाही.

## पायरी २: सामान जमवा

अर्ध्या दुरुस्तीत उठून पेनड्राइव्ह शोधायची वेळ येऊ नये.

1. बिटलॉकर रिकव्हरी की. ४८ अंकांची असते, सहा-सहा अंकांचे आठ गट. 'मी तर बिटलॉकर लावलंच नाही' यावर विसंबू नका. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, मायक्रोसॉफ्ट खात्याने नव्याने बसवलेल्या मशीनवर एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, होम आवृत्तीतसुद्धा. मोबाइलवरून मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करा, 'डिव्हाइसेस' विभागात मशीनच्या नावाखाली की मिळते. ऑफिसचं मशीन असेल तर की ऑफिसच्या आयटी विभागाकडे असते. ती कागदावर लिहून घ्या.
2. विंडोजचा पेनड्राइव्ह. निदान ८ जीबीचा, दुसऱ्या चालू मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने केलेला. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, तेव्हा तो रिकामा असल्याची खात्री करा. तुमच्या मशीनवर विंडोज ११ असेल तर पेनड्राइव्हही ११ चाच हवा.
3. बाहेरची हार्ड डिस्क, तुमच्या फाइल्स मावतील एवढी.
4. मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड. पिन नव्हे. टीपीएम रीसेट झालं की पिन चालत नाही आणि पासवर्डच लागतो.
5. इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर, लॅपटॉप इंटेलच्या अकराव्या पिढीचा किंवा नंतरचा असेल तर. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचाच घ्या आणि उलगडून दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवा.

> तपासणी: की कागदावर आहे? पासवर्डने मोबाइलवर लॉगिन होतंय? दोन्हींचं उत्तर 'हो' येईपर्यंत पुढे जाऊ नका.

## पायरी ३: बायोसची सेटिंग पूर्वीसारखी करा

खरी दुरुस्ती बहुतेक वेळा इथे असते, आणि हीच पायरी लोक गाळतात. अपडेट झाल्यावर बायोस अनेकदा कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर परत जातो. विंडोज ज्या सेटिंगवर बसवलं होतं ती बदलली की त्याला स्वतःचीच डिस्क सापडत नाही.

बायोसमध्ये शिरायला मशीन चालू करताच बटण दाबत राहा: डेल आणि एसरला एफ२, एचपीला एफ१०, लेनोव्होच्या बऱ्याच लॅपटॉपला एफ२ किंवा एफ१, असेंबल केलेल्या डेस्कटॉपला बहुधा डिलीट. आत गेल्यावर काहीही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढा. मग या क्रमाने पाहा.

तारीख आणि वेळ. सर्वात आधी. घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलं असेल तर पुढे विंडोज अपडेटपासून बँकेच्या साइटपर्यंत सगळं सुरक्षा प्रमाणपत्राच्या नावाने अडतं, आणि माणूस भलतीकडेच दोष शोधत बसतो.

डिस्क दिसते का. स्टोरेज किंवा सिस्टम इन्फर्मेशनच्या पानावर एसएसडीचं नाव आणि आकार दिसला पाहिजे. नाव दिसत असेल तर डिस्क जिवंत आहे, निश्चिंत व्हा. दिसत नसेल तर मशीन पूर्ण बंद करा, वायर काढा, मिनिटभर थांबून पुन्हा पाहा.

साटा किंवा स्टोरेज मोड. मशीनने डिस्कशी कसं बोलायचं ते इथे ठरतं. पर्याय साधारण असे असतात: एएचसीआय, रेड, इंटेल आरएसटी, व्हीएमडी चालू किंवा बंद. 'इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' येत असेल तर गुन्हेगार हाच. आता जे सेटिंग आहे त्याच्या उलट करा: एएचसीआय असेल तर आरएसटी किंवा व्हीएमडी चालू करा, ते चालू असेल तर एएचसीआयवर आणा. सेव्ह करून सुरू करा. जमलं नाही तर लगेच परत पहिल्यासारखं करा. एका वेळी एकच सेटिंग बदला. तीन एकदम बदलली की कशाने काय झालं ते कळत नाही.

एक धोका लक्षात ठेवा: डेस्कटॉपमध्ये दोन-तीन डिस्क मिळून खरोखरचा रेड केलेला असेल, तर 'रेड व्हॉल्यूम तयार करा' किंवा 'डिलीट करा' असल्या पर्यायांना हात लावू नका. मोड बदलल्याने डेटा जात नाही, व्हॉल्यूम पुसल्याने जातो.

यूईएफआय की लेगसी. मशीन सुरू करायच्या या अनुक्रमे नव्या आणि जुन्या पद्धती. गेल्या काही वर्षांतलं विंडोज बहुतेक यूईएफआयवर असतं. जुन्या मशीनवर आठवत नसेल तर पायरी ६ मध्ये ते तपासता येतं. डिस्कची मांडणी जीपीटी (नवी) असेल तर यूईएफआय, एमबीआर (जुनी) असेल तर लेगसी किंवा सीएसएम चालू हवं.

बूटचा क्रम. यादीत सर्वात वर 'विंडोज बूट मॅनेजर' हवं, डिस्कचं नुसतं नाव नव्हे. यादीत ते खाली असेल तर वर आणा. यादीतच नसेल तर 'अॅड बूट ऑप्शन' असा पर्याय शोधा आणि ईएफआय, मायक्रोसॉफ्ट, बूट या फोल्डरमधली बूटएमजीएफडब्ल्यू.ईएफआय ही फाइल दाखवा. नोंद पुन्हा तयार होते. मशीनच्या चिपमधली नोंद पुसली गेली असली तरी डिस्कवरची फाइल शाबूत असते, याचा हा चांगला दाखला आहे.

सिक्युअर बूट (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) आणि टीपीएम. पूर्वी चालू असतील तर चालू, बंद असतील तर बंद. 'सिक्युअर बूट व्हायोलेशन' असा संदेश आला तर बिटलॉकरची की जवळ ठेवून सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा आणि विंडोजमध्ये शिरा. 'क्लिअर टीपीएम' हा पर्याय मात्र दाबू नका. त्याने काहीही दुरुस्त होत नाही, उलट की आणि पिन दोन्हींची अडचण वाढते.

> तपासणी: प्रत्येक बदलानंतर सेव्ह करून एकदा विंडोज सुरू होऊ द्या. इथे सुरू झालं तर सिस्टम फाइल्स दुरुस्त करायची गरजच नव्हती.

## पायरी ४: बिटलॉकर उघडा

की मागणाऱ्या निळ्या पडद्यावर 'की आयडी' दिसतो. त्याची पहिली आठ अक्षरं तुमच्या खात्यातल्या आयडीशी जुळवा. एका खात्यात दोन-तीन मशीनच्या कीज असतात आणि लोक दुसऱ्याच लॅपटॉपची की टाकत बसतात.

सहा अंकांचा प्रत्येक गट अकराने पूर्ण भाग जाणारा असतो. त्यामुळे एक अंक चुकला तर तो गट स्वीकारलाच जात नाही. कागदावरचा आकडा सात आहे की एक असा संशय आला तर अकराने भागून पाहा.

एकदा की टाकल्यावर विंडोज चालू झालं, पण प्रत्येक स्टार्टला पुन्हा की मागतंय? मग विंडोजमध्ये जाऊन कंट्रोल पॅनेलमधून बिटलॉकर 'सस्पेंड' करा, रीस्टार्ट करा, आणि आत आल्यावर ते परत चालू झाल्याचं पाहा. टीपीएममध्ये नव्या बायोसची नोंद होते आणि मागणी थांबते.

की मिळतच नसेल तर इथे थांबा. की शिवाय डिस्क उघडून देणारं सॉफ्टवेअर विकणारे फसवतात. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या खात्याने मशीन पहिल्यांदा सुरू केलं होतं का ते आठवा. बऱ्याचदा की मुलाच्या किंवा भावाच्या खात्यात निघते.

## पायरी ५: कमांड प्रॉम्प्टपर्यंत पोहोचा आणि आधी डेटा काढा

पेनड्राइव्ह लावून बूट मेन्यू उघडा: डेल, लेनोव्हो, एसरला एफ१२, एचपीला एफ९, एमएसआयच्या बोर्डला एफ११. विंडोजचं भाषा निवडायचं पान आलं की शिफ्ट आणि एफ१० एकदम दाबा. काही लॅपटॉपवर त्याबरोबर एफएन बटणही दाबावं लागतं. काळी चौकट उघडते. 'इन्स्टॉल'वर क्लिक करू नका.

आता ड्राइव्हची अक्षरं ओळखा. इथे सी म्हणजे तुमचा सी असेलच असं नाही. पेनड्राइव्हवरून सुरू झालेल्या मशीनमध्ये अक्षरं सरकतात, आणि चुकीच्या अक्षरावर आज्ञा मारणं ही या कामातली सर्वात नेहमीची चूक आहे.

`डीआयआर सी:\`

यादीत विंडोज, युझर्स, प्रोग्रॅम फाइल्स ही तीन नावं दिसली तर तो तुमचा ड्राइव्ह. नसेल तर डी, ई असं पाहत जा. ड्राइव्ह कुलूपबंद असल्याचं सांगितलं तर:

`मॅनेज-बीडीई -अनलॉक सी: -रिकव्हरीपासवर्ड` आणि पुढे मोकळी जागा सोडून आडव्या रेघांसकट ४८ अंक.

एकही डिस्क दिसत नसेल तर व्हीएमडीचा, म्हणजे पायरी २ मधला इंटेलचा, ड्रायव्हर लागतो. पेनड्राइव्हवरच्या ड्रायव्हरची आयएनएफ फाइल `डीआरव्हीलोड` या आज्ञेपुढे पूर्ण पत्त्यासह द्या, मग पुन्हा पाहा.

यापुढे सी हे अक्षर विंडोजच्या ड्राइव्हसाठी, ई हे विंडोजच्या पेनड्राइव्हसाठी आणि एफ हे बाहेरच्या डिस्कसाठी धरलं आहे. तुमची अक्षरं वेगळी असतील तर ती घाला.

डेटा काढण्यासाठी:

`रोबोकॉपी सी:\युझर्स एफ:\बॅकअप /ई /एक्सजे /आर:१ /डब्ल्यू:१`

यातला 'एक्सजे' विसरू नका. युझर्स फोल्डरमध्ये एकमेकांकडे बोट दाखवणारे दुवे असतात; ते वगळले नाहीत तर कॉपी गोल गोल फिरत राहते. 'आर' आणि 'डब्ल्यू' दिले नाहीत तर न वाचल्या जाणाऱ्या एकेका फाइलवर आज्ञा पुन्हा पुन्हा प्रयत्न करत अडकून पडते. टॅलीसारख्या हिशेबाच्या प्रोग्रॅमचा डेटा बहुधा युझर्सच्या बाहेर, त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये असतो. तोही वेगळा कॉपी करा.

आज्ञा नको वाटत असेल तर `नोटपॅड` टाइप करा, फाइल, ओपन, मग 'ऑल फाइल्स' निवडा. त्या छोट्या खिडकीत उजवं क्लिक करून कॉपी-पेस्ट चालतं.

> तपासणी: बाहेरची डिस्क दुसऱ्या मशीनला लावा आणि दोन-चार फोटो, एक-दोन कागदपत्रं उघडून पाहा. फोल्डरचं नाव दिसणं पुरेसं नाही.

## पायरी ६: डिस्क निरोगी आहे ना

`डिस्कपार्ट`
`लिस्ट डिस्क`
`लिस्ट व्हॉल्यूम`

पहिल्या यादीत शेवटच्या 'जीपीटी' रकान्यात तारका असेल तर मशीन यूईएफआयचं. तारका नसेल तर एमबीआर. बायोसमध्ये लेगसी निवडून परत पाहा. दुसऱ्या यादीत एफएटी३२ प्रकारचा, साधारण १०० ते २६० एमबीचा एक छोटा व्हॉल्यूम दिसेल. ते ईएफआय पार्टिशन. त्याचा क्रमांक कागदावर लिहा. तुमचा पेनड्राइव्हही एफएटी३२ असतो, म्हणून आकार पाहूनच ठरवा. मग `एक्झिट`.

`सीएचकेडीएसके सी: /एफ`

शेवटी वाईट सेक्टरचे आकडे वाढलेले दिसले, किंवा तपासणी एकाच टक्क्यावर तासन् तास अडली, तर डिस्कच संपत आली आहे. अशा डिस्कवर पुढच्या दुरुस्त्या करणं म्हणजे तिला उरलेल्या आयुष्यात आणखी घासणं. डेटा बाहेर आहे, डिस्क बदला.

## पायरी ७: बूटच्या फाइल्स पुन्हा लिहा

विंडोजचं बूट दोन तुकड्यांत असतं. पहिला तुकडा त्या छोट्या ईएफआय पार्टिशनमध्ये, दुसरा सी ड्राइव्हवर. पहिला बिघडला की वरचे बीसीडीचे कोड दिसतात, आणि तो सी ड्राइव्हवरच्या प्रतीवरून नव्याने तयार करता येतो.

बहुतेक व्हिडिओ इथे बूटरेक ही बूट दुरुस्तीची आज्ञा आणि तिचं 'फिक्स एमबीआर' सांगतात. यूईएफआय मशीनला एमबीआरच्या दुरुस्तीचा उपयोग नाही, आणि 'फिक्सबूट' तर अनेकदा 'अॅक्सेस डिनाइड' म्हणून परत येतं. ते पाहून लोक घाबरून पार्टिशन फॉरमॅट करतात. त्याऐवजी:

1. `डिस्कपार्ट`
2. `सिलेक्ट व्हॉल्यूम ३` (तीनच्या जागी तुम्ही लिहून ठेवलेला क्रमांक)
3. `असाइन लेटर=एस`
4. `एक्झिट`
5. `बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय`

'बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड' असं उत्तर यायला हवं. आलं की पेनड्राइव्ह काढा, रीस्टार्ट करा आणि बायोसच्या यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' वर आहे ना ते पुन्हा पाहा. नसेल तर पायरी ३ मधल्या 'अॅड बूट ऑप्शन'ने घाला.

'फेल्युअर व्हेन अटेम्प्टिंग टू कॉपी' असं आलं तर कारणं तीन: चुकीचं अक्षर, भरलेलं ईएफआय पार्टिशन, किंवा बिघडलेलं ईएफआय पार्टिशन. अक्षर तपासा. मग `सीएचकेडीएसके एस: /एफ` करून पाचवी आज्ञा परत द्या. जागा संपली असेल तर `डीआयआर एस:\ईएफआय` करून पाहा. मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या नावाचं फोल्डर तिथे जागा व्यापून बसलेलं असू शकतं. ते आधी बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, मगच त्यातल्या जुन्या बायोसच्या फाइल्स काढा. 'मायक्रोसॉफ्ट' आणि 'बूट' या फोल्डरना हात लावू नका. उबुंटूही बसवलेलं असेल तर त्याचं फोल्डर इथेच असतं.

एमबीआर मशीनवर वेगळं अक्षर द्यायची गरज नसते. तिथे बूटरेकच्या `/फिक्सएमबीआर` आणि `/रीबिल्डबीसीडी` या आज्ञा योग्य आहेत.

## पायरी ८: विंडोजच्या फाइल्स, बाहेरून

बूट झालं, वर्तुळ फिरलं आणि परत निळा पडदा? आता सिस्टम फाइल्सचा संशय घ्यायला हरकत नाही.

अर्धवट राहिलेलं अपडेट आधी मागे घ्या. ते तसंच लटकत असेल तर पुढची प्रत्येक आज्ञा 'दुरुस्ती प्रलंबित आहे' म्हणून नकार देते.

`डीआयएसएम /इमेज:सी:\ /क्लीनअप-इमेज /रिव्हर्टपेंडिंगअॅक्शन्स`

ही आज्ञा चालून रीस्टार्ट झाल्यावर विंडोज बरंच रेंगाळतं. थांबा. तरीही सुरू झालं नाही तर पेनड्राइव्हवरून परत या.

पुढचा क्रम ठरलेला आहे: आधी डीआयएसएम, मग एसएफसी. विंडोज आपल्या फाइल्सच्या चांगल्या प्रतींचं एक कोठार ठेवतं. एसएफसी त्या कोठारातून फाइल काढून बिघडलेल्या जागी बसवतं, आणि डीआयएसएम ते कोठारच दुरुस्त करतं. कोठारातलं धान्यच किडलेलं असेल तर एसएफसी दहा वेळा चालवूनही 'काही फाइल्स दुरुस्त करता आल्या नाहीत' हेच उत्तर येईल.

1. `एमकेडीआयआर सी:\टेम्प`
2. `डीआयएसएम /गेट-विमइन्फो /विमफाइल:ई:\सोर्सेस\इन्स्टॉल.ईएसडी` हिच्या यादीत तुमची आवृत्ती, म्हणजे होम की प्रो, कुठल्या क्रमांकावर आहे ते पाहा.
3. `डीआयएसएम /इमेज:सी:\ /क्लीनअप-इमेज /रीस्टोअरहेल्थ /सोर्स:ईएसडी:ई:\सोर्सेस\इन्स्टॉल.ईएसडी:१ /स्क्रॅचडीआयआर:सी:\टेम्प` शेवटच्या एकच्या जागी तुमचा क्रमांक.
4. `एसएफसी /स्कॅननाऊ /ऑफबूटडीआयआर=सी:\ /ऑफविनडीआयआर=सी:\विंडोज`

पेनड्राइव्ह आयएसओ फाइलवरून केला असेल तर तिथे ईएसडीऐवजी विम फाइल असते. मग दोन्ही आज्ञांत 'ईएसडी'च्या जागी सगळीकडे 'विम' लिहा. टेम्प फोल्डर दिलं नाही तर डीआयएसएम पेनड्राइव्हने मेमरीत केलेल्या इवल्याशा एक्स ड्राइव्हवर काम करू पाहतं आणि जागा संपल्याची तक्रार करतं. तिसऱ्या आज्ञेला ०एक्स८००एफ०८१एफ हा कोड आला तर पेनड्राइव्हची आवृत्ती आणि मशीनची आवृत्ती जुळत नाही. तीच आज्ञा परत मारून उपयोग नाही, योग्य आवृत्तीचा पेनड्राइव्ह करा.

बाहेरून काम करताना नुसतं `एसएफसी /स्कॅननाऊ` देऊ नका. ते तुमच्या सी ड्राइव्हऐवजी पेनड्राइव्हवरून चालू असलेल्या विंडोजकडे पाहतं.

टक्के मध्येच थांबलेले दिसतील, कधी अर्धा तास. चौकट बंद करू नका.

## पायरी ९: विंडोज सुरू झालं, आता आतून

कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, इंटरनेट चालू ठेवा.

1. `डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रीस्टोअरहेल्थ`
2. `एसएफसी /स्कॅननाऊ`
3. रीस्टार्ट, आणि दुसरी आज्ञा पुन्हा एकदा.

'इंटिग्रिटी व्हायोलेशन्स सापडली नाहीत' हे उत्तर येईपर्यंत काम पूर्ण झालं असं समजू नका. 'काही दुरुस्त करता आल्या नाहीत' असं आलं तर विंडोज, लॉग्ज, सीबीएस या फोल्डरमधली सीबीएस.लॉग फाइल उघडा आणि तिच्यात 'कॅनॉट रिपेअर' हे शब्द शोधा. त्या ओळीत फाइलचं नाव असतं.

प्रोग्रॅम उघडताना 'अमुक डीएलएल नाही' असा संदेश आला तर ती फाइल कुठल्याही डीएलएल पुरवणाऱ्या साइटवरून उतरवू नका. ती कुणी बदललेली आहे हे तपासायचा मार्ग नाही. एमएसव्हीसीपी१४० किंवा व्हीसीरनटाइम१४० अशी नावं असतील तर त्या विंडोजच्या सिस्टम फाइल्स नाहीतच. मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल बसवलं की त्या येतात.

मग कंपनीच्या साइटवरून चिपसेटचा ड्रायव्हर नव्याने बसवा. बंद केलेलं सिक्युअर बूट परत चालू करा. पिन चालत नसेल तर पासवर्डने आत जाऊन नवा पिन करा.

एसएफसी दोनदा चालवूनही अडलं तर विंडोजच्या आतूनच पेनड्राइव्हवरचं सेटअप चालवा आणि 'फाइल्स आणि अॅप्स ठेवा' हा पर्याय निवडा. सिस्टम फाइल्स सगळ्या नव्या होतात, तुमचं काम आणि प्रोग्रॅम राहतात. पेनड्राइव्हवरून मशीन बूट करून सेटअप चालवलं तर हा पर्याय मिळत नाही, आतूनच चालवायचं.

## पुढच्या बायोस अपडेटआधी

बायोसच्या सगळ्या पानांचे फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. की कागदावर असल्याचं पाहा. प्रलंबित विंडोज अपडेट आधी पूर्ण होऊ द्या, मशीन दोनदा रीस्टार्ट करा. मग अॅडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये:

`मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -डिसेबल सी: -रीबूटकाउंट १`

ही आज्ञा बिटलॉकरला एका रीस्टार्टपुरतं बाजूला ठेवते. अपडेटमध्ये मशीन दोनदा रीस्टार्ट होणार असेल तर एकच्या जागी दोन लिहा. बॅटरी निम्म्याहून जास्त, चार्जर लावलेला, डेस्कटॉप यूपीएसवर. आणि ज्या दिवशी तुमच्या भागात वीज जाण्याची सूचना आली आहे, त्या दिवशी अपडेट करू नका.